जोडणी तीच, चाल वेगळी

मे 2020चा शेवटचा आठवडा होता. लॉकडाऊनमुळे माणसं दारं लावून घरात बसलेली, आणि त्यातच मध्य प्रदेशातून टोळधाड विदर्भात उतरली. अमरावती जिल्ह्यातले मोर्शी-वरुड, वर्ध्यातलं आष्टी, मग नागपूरकडचं काटोल. लोकांनी थाळ्या बडवल्या, डबे वाजवले, शेतात धूर केला. अंधार पडला की थवा झाडांवर मुक्कामाला बसतो, म्हणून कृषी खात्याची माणसं रात्रीबेरात्री ट्रॅक्टरवरचे पंप आणि अग्निशमन दलाचे बंब घेऊन क्लोरपायरीफॉस फवारत फिरली. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या लोकांची नजर तेव्हा सातपुड्याकडे लागलेली होती. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या डोक्यावर तोच डोंगर आहे आणि पलीकडे मध्य प्रदेश. घाटावर, चिखली-मेहकरकडे, पेरणीची तयारी चालली होती. जो तो एकच विचारत होता: एवढे टोळ येतात कुठून, आणि मधली वर्षं असतात कुठे?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर हवामानात आहे. 2018 साली मेकुनू आणि लुबान ही दोन चक्रीवादळं अरबस्तानच्या वाळवंटावर बरसली. ओल्या वाळूत टोळांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या आणि येमेन, इराण, पाकिस्तान करत थवे राजस्थानात पोचले. उरलेलं अर्धं उत्तर टोळाच्या छातीतल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या मज्जागाठींत आहे. मला इथे त्याच अर्ध्याबद्दल लिहायचं आहे. बैलाच्या अंगावरची गोचीड, विषबाधा होऊन दवाखान्यात आणलेला माणूस आणि आपलं स्वतःचं डोकं, या सगळ्यांचा त्याच्याशी संबंध आहे, आणि मज्जासंस्थेवर काम करणारी रसायनं आपल्या शेतकऱ्याच्या हातून रोज जात असतात.

टोळधाडीतला टोळ आधी एकेकटा राहणारा साधा नाकतोडाच असतो. रंगाने हिरवट किंवा मातकट, रात्री उडणारा, दुसरा टोळ दिसला की बाजूला सरकणारा. थव्यातला टोळ दिवसा उडतो, दुसऱ्याच्या अंगाला अंग लावून बसतो. पिल्लं काळी-पिवळी, कोवळे प्रौढ गुलाबी, पुढे पिवळे. विदर्भात 2020 साली लोकांनी पाहिले ते गुलाबीच होते. दोघांत इतका फरक, की पूर्वीच्या कीटकशास्त्रज्ञांनी अशा रूपांना दोन वेगवेगळ्या जाती मानून दोन नावं दिली होती. बोरिस उवारोव या रशियन संशोधकाने 1921 साली लंडनहून मांडलं, की एकच प्राणी गर्दीत एक होतो आणि एकांतात दुसरा. आपल्याकडेही टोळांचा अभ्यास जुना आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई इलाख्यात वेगळ्याच एका जातीच्या टोळांनी धुमाकूळ घातला होता, त्या जातीचं नावच ‘बॉम्बे लोकस्ट’ पडलं, आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी 1906 साली त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. टोळांवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा भारतात 1939 पासून आहे. पण गर्दी टोळाला बदलते कशी, हे पुढची कित्येक दशकं कुणाला सांगता आलं नाही.

श्रावणात सोयाबीन कमरेला लागलं की बांधावर बसून एखादा नाकतोडा जवळून बघावा. हा काही वाळवंटी टोळ नव्हे, पण आतली रचना तीच. मागचा पाय बघा. जाडजूड मांडी, तिच्यावर तिरक्या रेघांची नक्षी, आणि उजेडात आडवं धरलं तर दिसणारी बारीक लव. चिमटीत पकडला तर तोंडातून तपकिरी थेंब सोडतो आणि त्याच पायाने नखावर लाथा मारतो. टोळधाडीचं बटण याच मांडीच्या बाहेरच्या अंगावर आहे. स्टीफन सिम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकट्या वाढवलेल्या टोळांच्या अंगाला ठिकठिकाणी रंगकामाच्या बारीक ब्रशने स्पर्श करून पाहिला. डोकं, मिशा, छाती, पोट, कुठेही हात लावला तरी टोळ जसाच्या तसा. मागच्या मांडीला मात्र काही तास राहून राहून ब्रश लावला, आणि बुजरा टोळ गर्दीकडे चालू लागला. रानात हे असं घडतं: पाऊस संपतो, हिरवळ आक्रसते, उरलेल्या चार झुडपांवर सगळे टोळ जमतात आणि एकमेकांच्या पायांना धक्के लागत राहतात.

मांडीवरच्या धक्क्याने आत काय होतं, ते 2009 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. मायकेल अँस्टी, स्टीफन रॉजर्स, स्विडबर्ट ऑट, माल्कम बरोज आणि सिम्प्सन यांनी दाखवलं, की दोन तासांच्या गर्दीत टोळाच्या छातीतल्या मज्जागाठींत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं. जो टोळ जास्त गर्दीप्रिय झाला, त्याच्यात ते जास्त सापडलं. नंतर त्यांनी उलटतपासणी केली. काही टोळांत सेरोटोनिनचं काम औषधाने अडवलं आणि मग त्यांना गर्दीत ठेवलं, तर ते बुजरेच राहिले. काहींना गर्दी दाखवलीच नाही, नुसतं सेरोटोनिन दिलं, आणि ते गर्दीकडे ओढले गेले. सेरोटोनिनची ही भरती थोड्या काळाची असते. पण तिने वळण लावून दिलं की पुढचं शरीर त्या वळणाने वाढतं. पिढ्या गर्दीत गेल्या की टोळाचा मेंदूसुद्धा एकट्या टोळापेक्षा सुमारे 30 टक्के मोठा भरतो.

मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते, की त्या दोन तासांत टोळाच्या मज्जासंस्थेत नवीन तार जोडली जात नाही. पाय तेच, डोळे तेच, मज्जापेशी त्याच, कुठली पेशी कुठल्या पेशीला जोडलेली आहे तो नकाशाही तोच. तरीही चाल बदलते, आवड बदलते, झोपेची वेळ बदलते. शाळेत आपल्याला मज्जासंस्था शिकवतात ती टेलिफोनच्या तारांसारखी: इकडून निरोप निघाला, तिकडे पोचला. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते, तेव्हा टाळकरी, पखवाजी, विणेकरी तेच असतात आणि हातातली वाद्यंही तीच. पहाटे तीच मंडळी संथ ठाय लयीत गातात, वाटचालीत तीच द्रुत लयीत पावलं टाकतात. कोण कुणाच्या शेजारी उभा आहे यावरून लय सांगता येत नाही. मज्जापेशींच्या जाळ्याचंही तसंच आहे, आणि तिथे लय बदलण्याचं काम सेरोटोनिनसारखी रसायनं करतात. या कामाला न्यूरोमॉड्युलेशन म्हणतात.

हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते एका खेकड्याच्या पोटात. खेकडे आणि लॉब्स्टर यांच्या जठरात दात असतात, अन्न तिथे दळलं जातं आणि मग गाळलं जातं. हे दळण-गाळण चालवणारी मज्जागाठ जेमतेम तीसेक पेशींची. वरून येणाऱ्या मज्जातंतूंसकट ती बाहेर काढून खाऱ्या पाण्याच्या बशीत ठेवली तरी तिची लय चालू राहते. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात ईव्ह मार्डर यांनी अख्खी कारकीर्द या गाठीवर घालवली. त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या कामातून दिसलं ते असं: बशीत एक रसायन टाकलं की लय जलद होते, दुसरं टाकलं की संथ पण जोरकस, तिसऱ्याने एखादी पेशी गप्प होते, चौथ्याने गप्प असलेली बोलू लागते. वरून येणारी मज्जातंतूंची दोरी कापली तर लय मंदावते किंवा बंद पडते, आणि प्रोक्टोलिन नावाचं रसायन घातलं की पुन्हा सुरू होते. फ्रान्समध्ये मोरिस मूलॅ यांच्या गटाने त्याही पुढचं पाहिलं. ‘गाळणाऱ्या’ जाळ्यातली पेशी परिस्थितीनुसार ते जाळं सोडून दुसऱ्या जाळ्याच्या लयीत सामील होते. म्हणजे कुठलं जाळं कुठे संपतं, हेसुद्धा कायमचं ठरलेलं नसतं.

हे घडतं कसं, ते नीट सांगायला हवं. दोन मज्जापेशींमधला साधा निरोप सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने चालतो. एका पेशीने रसायन सोडलं, समोरच्या पेशीवरचं दार उघडलं, विद्युतभारित कण आत-बाहेर झाले, काम संपलं. न्यूरोमॉड्युलेटर असं दार सहसा थेट उघडत नाही. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला बसतो, आत रासायनिक निरोपांची साखळी सुरू होते आणि तिच्या शेवटी पेशीच्या अनेक दारांची घडण बदलते: कुठलं दार किती सहज उघडेल, किती वेळ उघडं राहील, शेजारच्या पेशीचं म्हणणं किती मोठ्याने ऐकू येईल. याला सेकंद लागतात, मिनिटं लागतात, कधी तास. शिवाय हे रसायन एकाच जोडापुरतं राहत नाही, आजूबाजूला झिरपतं, रक्तातूनही येतं. तीस पेशी, प्रत्येकीला निरनिराळे रिसेप्टर, आणि त्यांच्यावर दोन डझनांहून जास्त रसायनांचं पाणी. त्या तीस पेशींतून किती चाली निघत असतील!

म्हणून नुसता जोडणीचा नकाशा काढून भागत नाही. एका सूतकृमीच्या सगळ्याच्या सगळ्या 302 मज्जापेशींचा नकाशा केंब्रिजमध्ये 1986 साली तयार झाला. तो अमूल्य आहे. पण भुकेला कृमी आणि पोट भरलेला कृमी एकाच वासाला वेगळं का वागतो, हे त्या नकाशात लिहिलेलं नाही. रसायनाच्या नावावरूनही निकाल देता येत नाही. वाळवंटी टोळात सेरोटोनिन गर्दीकडे नेतं. चीनमध्ये कांग ल यांच्या गटाने टोळांच्या दुसऱ्या एका जातीत पाहिलं, तर तिथे गर्दीचं काम डोपामाइन सांभाळतं आणि सेरोटोनिन उलट एकटेपणाकडे ओढतं. रसायन कुठल्या जाळ्यावर पडतं, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. वर्तमानपत्रांतून ‘आनंदाचं रसायन’ असली नावं छापून येतात, ती मला म्हणूनच पटत नाहीत.

आता आपल्या गोठ्यात येऊ. कीटक आणि गोचीड यांच्या मज्जासंस्थेत ऑक्टोपामाइन नावाचा एक मोठा मॉड्युलेटर आहे. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना तो ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत सापडला. सेरोटोनिनही प्रथम वेगळ्या नावाने त्यांनीच ओळखलं होतं, हे विशेष. सोंबती आणि हॉइल या दोघांनी 1984 साली टोळाच्या छातीतल्या मज्जागाठीत एका जागी ऑक्टोपामाइनचा अगदी सूक्ष्म अंश सोडला, तर उडण्याची लय सुरू झाली. दुसऱ्या जागी सोडला, तर पाय टाकण्याची. लय गाठीत आधीपासून होती, ऑक्टोपामाइनने ती जागी केली.

पोळ्याच्या आधी चिखली तालुक्यातल्या एका गोठ्यात मी बैलाला गोचिडाचं औषध लावताना पाहत होतो. कानाच्या आत, गळ्याखालच्या पोळीच्या घड्यांत, शेपटीच्या बुडाशी रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडी. गोचीड नुसती चावत नाही, लाळेचा सिमेंटसारखा घट्ट थर करून तोंड कातडीत रोवते, म्हणून ओढून काढली तर डोकं आत राहतं. म्हाताऱ्या मालकाने बादलीत मोजून औषध घातलं, पाण्यात ते दुधासारखं पांढरं झालं. फडक्याने त्याने बैलाचं अंग पुसून काढलं. थोड्या वेळाने मला म्हणाला, “लगेच मरत नाई भाऊ. पयले सुटतात, अन् मंग पयतात.” आणि खरोखरच, पोळीच्या घडीतून एक गोचीड सुटून केसांतून वाट फुटेल तिकडे चालत होती.

त्या औषधाचं नाव अमिट्राझ. साडेबारा टक्क्यांचं द्रावण पशुऔषधांच्या दुकानात मिळतं. अमिट्राझ गोचिडीच्या ऑक्टोपामाइन रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि ऑक्टोपामाइनचं सोंग घेतं. रिसेप्टर खरं-खोटं ओळखत नाही. ‘स्थिर राहा, रक्त पी’ या चालीऐवजी ‘चाल, हल’ ही चाल लागते आणि लागलेलीच राहते. गोचीड खायची थांबते, पकड सोडते, भटकते आणि मरते. त्या म्हाताऱ्याने जे डोळ्यांनी टिपलं होतं, ते न्यूरोमॉड्युलेशनचं अचूक वर्णन होतं. जगात ठिकठिकाणी आता अमिट्राझला न जुमानणाऱ्या गोचिडी झाल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या ऑक्टोपामाइन रिसेप्टरच्या जनुकातच बदल सापडला आहे. लेबलापेक्षा पातळ द्रावण करून वापरलं की अर्धवट डोसातून तगलेल्या गोचिडींचीच पैदास पुढे चालते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण बाटली पुरवून पुरवून वापरायची सवय आपल्याकडे घरोघर आहे.

सस्तन प्राण्यांत ऑक्टोपामाइनची जागा नॉरॲड्रेनॅलिनने घेतलेली आहे. दोन्ही टायरोसिन या एकाच अमिनो आम्लापासून बनतात. आपल्या मेंदूच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना, हजारो पेशींचे दोन निळसर ठिपके आहेत आणि त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात पसरलेले आहेत. जाग, लक्ष, दचकणं, पेंगणं या सगळ्याला तिथून सुटणारं नॉरॲड्रेनॅलिन लय देतं. अमिट्राझ आपल्या शरीरात शिरलं की अल्फा-2 नावाच्या रिसेप्टरवर बसतं, आणि या रिसेप्टरचं काम नॉरॲड्रेनॅलिनच्या पुरवठ्याला लगाम घालणं हे आहे. जे रसायन गोचिडीला पळायला लावतं, ते माणसाला झोपवतं. जनावरांचे डॉक्टर बैलाला शांत करायला झायलाझिन टोचतात, तेही याच रिसेप्टरवर चालतं. घोड्याला मात्र अमिट्राझ लावू नये, त्याच्या आतड्यांची हालचाल थंडावते आणि जिवावर बेततं.

मॉड्युलेटर काढून घेतले तर काय होतं, याचं उत्तर मिळण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या वैदूंना ठाऊकच होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा अनुभव लिहिला आणि सर्पगंधा जगभर गेली. तिच्यातलं रेझरपिन मज्जापेशींमधला सेरोटोनिन, डोपामाइन, नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिकामा करतं, हे नंतर कळलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेझरपिन दिलेले ससे कान पाडून निपचित बसलेले पाहिले. 1957 साली त्यांनी सशांना एल-डोपा टोचलं, शरीर ज्यापासून डोपामाइन बनवतं ते, आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. सशांची एकही तार तुटलेली नव्हती. पार्किन्सनच्या रुग्णाला आज जी गोळी मिळते, तिचा उगम तिथे आहे, आणि कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. तेच एल-डोपा आपल्या कुंपणावरच्या खाजकुयलीच्या बियांत भरपूर असतं. म्हणून कुणी बिया कुटून खाऊ नयेत. डोस चुकला तर हेच रसायन हातपाय वेडेवाकडे हलवतं.

शेवटी दवाखान्याचं. कापसाच्या पट्ट्यात विषबाधेचा पेशंट आला की पहिला संशय ऑरगॅनोफॉस्फेटचा असतो, शेतकऱ्याच्या भाषेत ‘मोनो’ आणि त्याचे भाऊबंद. तो संशय रास्त आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. ऑरगॅनोफॉस्फेट औषधं ॲसिटिलकोलीन हे मज्जापेशींचं निरोप-रसायन नष्ट करणारं कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम अडवतात. मग ॲसिटिलकोलीन साचतं, तोंडाला लाळ, अंगाला घाम, छातीत कफ, बाहुल्या बारीक, नाडी मंद. उपचार ॲट्रोपिन आणि पाम (प्रॅलिडॉक्सिम). अमिट्राझ पोटात गेलं तरी बाहुल्या बारीक होऊ शकतात, नाडी मंद होते, माणूस गुंगीत जातो. वरवर चित्र सारखंच, आणि चूक होते. पण अमिट्राझमध्ये लाळ-घामाचा तो पूर सहसा नसतो, रक्तातली साखर वाढते, आणि कोलिनएस्टरेजची तपासणी नॉर्मल येते. त्यावर ठरावीक उतारा नाही, पामचा उपयोग नाही. श्वास, रक्तदाब आणि शरीराची ऊब सांभाळत राहिलं तर बहुतेक माणसं दोन-एक दिवसांत पूर्ण शुद्धीवर येतात. कारण अमिट्राझने पेशी मारलेल्या नसतात, त्यांची चाल बदललेली असते, आणि औषध उतरलं की ती परत येते.

फरक ओळखायला डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती बाटली. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत गोचिडाचं औषध ओतून ठेवू नका, पोरं पाणी समजून पितात. लावताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, मगच भाकरीला हात लावा. आणि काही झालंच, तर 108 ला फोन करताना लेबलावरचं नाव वाचून सांगा, आणि पेशंटबरोबर ती बाटली दवाखान्यात न्या, रिकामी असली तरी न्या.